ती कादंबरी घरात असू द्या

नववी ते बारावीतल्या मुलांच्या हातात आज ‘हार्टस्टॉपर’ सर्रास दिसतं. ॲलिस ओझमन यांची ही इंग्रजी चित्रकादंबरी २०१६ मध्ये इंटरनेटवर क्रमशः सुरू झाली, पुढे पुस्तकरूपात आली आणि २०२२ मध्ये तिच्यावरची मालिका नेटफ्लिक्सवर आल्यावर घराघरांत पोचली. इंग्लंडमधल्या एका मुलांच्या शाळेत चार्ली आणि निक वर्गात शेजारी शेजारी बसतात. निक रग्बी खेळणारा, चार्ली ड्रम वाजवणारा. दोघांची मैत्री होते आणि मैत्रीतून प्रेम उमलतं. आपल्याकडची कितीतरी मुलं ही गोष्ट एका बैठकीत वाचून संपवतात, पण रात्री जेवताना तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आईबाबांचा चेहरा कसा होईल याचा त्यांना अंदाज असतो.

म्हणजे ‘असलं काही वाचू द्यावं का’ हा प्रश्न मुलांनी आपल्याला न विचारताच सोडवून टाकला आहे. कोणतं पुस्तक, कोणत्या वयाला आणि कसं पुढे करायचं, एवढं मात्र अजून पालकांच्या, शिक्षकांच्या आणि वाचनालयं चालवणाऱ्यांच्या हातात आहे. आमच्या वाचनालयात मी कुमारवयीन मुलांचं कपाट सांभाळते, आणि पालकांशी होणारं माझं अर्धं बोलणं याच विषयावर होतं, तेही दबक्या आवाजात. म्हणून इथे सगळं मोकळेपणाने लिहिते.

आधी भीतीबद्दल. अशी पुस्तकं वाचून मूल ‘तसं’ होईल, असं अनेकांना मनापासून वाटतं. पण पुस्तकाने कुणाचं प्रेम कुणावर बसायचं ते ठरत नाही. ठरत असतं, तर आजवरच्या सगळ्या समलैंगिक माणसांनी लहानपणापासून राजा-राणीच्या गोष्टी ऐकल्या, सिनेमात नायक-नायिकाच पाहिले, तरी ती समलैंगिक कशी राहिली असती? पुस्तकामुळे वेगळंच काहीतरी घडतं. ज्या मुलाला आपल्यात काही निराळं आहे हे सातवी-आठवीपासून जाणवतं, त्याने आपल्यासारखा माणूस बहुतेकदा विनोदी कार्यक्रमात साडी नेसून हशा पिकवणाराच पाहिलेला असतो. किंवा वर्गात ‘बायल्या’ म्हणून ज्याला चिडवतात, तो. मोबाइलवर शोधायला गेलं तर समोर येतं ते बहुधा किळस आणणारं किंवा घाबरवणारं. अशा वेळी ज्याला शाळा आहे, अभ्यास आहे, लहान बहीण आहे, परीक्षेची धास्ती आहे आणि शिवाय एका मुलाबद्दल मनात हुरहुरही आहे, असा एखादा पंधरा वर्षांचा नायक भेटणं ही मोठी गोष्ट असते. आणि हे सगळं ज्याला लागू नाही, त्या शेजारच्या बाकावरच्या मुलालाही तो नायक भेटायला हवा. वर्गात चिडवणारे आणि गप्प बसणारे हेच तर असतात.

आता निवड कशी करायची ते. माझी पहिली कसोटी साधी आहे. शेवटची वीस-पंचवीस पानं आधी वाचा आणि त्या मुलाचं किंवा मुलीचं शेवटी काय होतं ते पाहा.

यामागे इतिहास आहे. अमेरिकेत कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या आणि दोन मुलांमधल्या जवळिकीबद्दल उघड बोलणाऱ्या कादंबऱ्यांची सुरुवात १९६९ मध्ये जॉन डोनोव्हन यांच्या ‘आय विल गेट देअर. इट बेटर बी वर्थ द ट्रिप’ या पुस्तकाने झाली असं मानलं जातं. तेरा वर्षांचा डेव्ही आजी वारल्यावर न्यूयॉर्कमध्ये दारूत बुडालेल्या आईकडे राहायला येतो. त्याचा खरा सोबती म्हणजे फ्रेड नावाचा कुत्रा. शाळेतल्या एका मित्राशी डेव्हीची जवळीक होते, ते एकमेकांचं चुंबन घेतात, आणि पुढे फ्रेड गाडीखाली सापडून मरतो. डेव्हीला वाटतं, आपण जे केलं त्याचीच ही शिक्षा. लेखकाचं मन मायाळू आहे, पुस्तक त्या काळाच्या मानाने धीटही आहे. पण पंधराव्या वर्षी एकट्याने वाचणाऱ्या मुलाच्या मनात काय उरेल? कुत्रा मेला, तो माझ्यामुळे. त्यानंतरच्या कितीतरी पुस्तकांत हाच साचा दिसतो. कुणी अपघातात जातं, कुणी घर सोडतं, कुणी एकटं पडतं.

हा साचा नॅन्सी गार्डन यांनी १९८२ मध्ये ठरवून मोडला. ‘ॲनी ऑन माय माइंड’मध्ये लायझा आणि ॲनी या दोन शाळकरी मुली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भेटतात, प्रेमात पडतात. त्यांना भोगावं लागतं, त्यांच्या बाजूच्या दोन शिक्षिकांना नोकरीही गमवावी लागते, पण शेवटी त्या दोघी एकमेकींना परत भेटण्याच्या वाटेवर असतात. एवढ्या साध्या आशेचीही किंमत मोजावी लागली. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत या पुस्तकाची प्रत लोकांसमोर जाळली गेली. शेजारच्या ओलाथे गावच्या शाळांनी ते वाचनालयातून काढून टाकलं, तेव्हा तिथले काही विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले. १९९५ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तक पुन्हा कपाटात ठेवायला लावलं. शाळकरी मुलं एका कादंबरीसाठी कोर्टाची पायरी चढली, ही हकीकत मी मुलांना आवर्जून सांगते. त्यांचे डोळे चमकतात.

शेवट दुःखी असला म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. पण असं पुस्तक देण्याची रीत वेगळी ठेवावी लागते. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. हिमांजली संकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ ही कादंबरी डकबिल प्रकाशनाने २०१४ मध्ये काढली. त्याच्या आदल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना पुन्हा गुन्हा ठरवलं होतं. कादंबरी उघडते तीच मुस्कानने जीव द्यायचा प्रयत्न केल्याच्या बातमीने. मग तिच्याच वर्गातली तिघं, आलिया, प्रतीक आणि शुभोजय, मागचे काही महिने आपापल्या बाजूने सांगत जातात. मुस्कान स्वतः निवेदन करत नाही. मला हे या पुस्तकाचं बळ वाटतं. कुणी काय पाहिलं, कोण कुठे हसलं, कुणी मान वळवली, हे वाचताना वर्ग स्वतःकडे पाहू लागतो. म्हणून हे पुस्तक एकट्या, खचलेल्या मुलाच्या हाती देऊ नका. ते सगळ्या वर्गासाठी आहे, आणि शिक्षक सोबत असतील तर उत्तम. त्याच वर्षी आलेली पायल धर यांची ‘स्लाइटली बर्न्ट’ बरीच हलकीफुलकी आहे. कोमलचा जिवलग मित्र साहिल तिला आपण गे असल्याचं सांगतो आणि मग ती कशी गोंधळते, कशी सावरते, याची ही गोष्ट. ज्याच्या मित्राने त्याला नुकतंच काही सांगितलं आहे, अशा मुलाला मी आधी हे पुस्तक देईन.

दुसरी कसोटी मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. पुस्तकातली मोठी माणसं कशी वागतात? मुलं हे बारकाईने वाचतात, कारण आपले आईबाबा कसे वागतील याची रंगीत तालीमच ती करत असतात.

या बाबतीत बेंजामिन आलिरे साएन्झ यांच्या ‘ॲरिस्टॉटल अँड दांते डिस्कव्हर द सिक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स’ या २०१२ च्या कादंबरीला माझ्या वाचनात तोड नाही. टेक्सासमधलं एल पासो शहर, साल १९८७, दोन्ही मुलं मेक्सिकन वंशाची. पोहण्याच्या तलावावर दांते ॲरीला पोहायला शिकवतो, तिथून मैत्री सुरू होते. ॲरीचं घर आपल्याला फार ओळखीचं वाटेल. वडील व्हिएतनामच्या युद्धावरून आलेले, पण त्याबद्दल अवाक्षर न काढणारे. मोठा भाऊ तुरुंगात, आणि घरात त्याचा फोटोसुद्धा दिसत नाही. एक मावशी आहे, जी ॲरीवर जीव टाकते, पण नातेवाईक तिच्यापासून दूर का राहतात हे कुणी बोलत नाही. ती वारल्यावर कळतं की ती अनेक वर्षं एका बाईबरोबर राहिली होती. म्हणजे या घरात प्रेम भरपूर आहे आणि न बोललेल्या गोष्टींचा ढिगाराही तेवढाच आहे. ॲरी स्वतःशीच अबोला धरतो तो इथूनच शिकून. शेवटाकडे आईवडील त्याला समोर बसवतात. वडील पहिल्यांदाच युद्धाबद्दल बोलतात, भावाचा विषय निघतो, आणि मग ते त्याला सांगतात की तुझं दांतेवर प्रेम आहे आणि तू त्यापासून पळतो आहेस.

हे प्रकरण वाचून अनेक पालकांचे डोळे भरून येतात, आणि इथेच मला एक इशारा द्यावासा वाटतो. कादंबरीतले आईवडील मुलाच्या मनातलं ओळखून त्याला सांगतात. तुम्ही तसं करू नका. त्या दोघांनी आधी तीनशेहून जास्त पानं मुलासोबत काढली आहेत असं समजा. खऱ्या घरात आपला अंदाज चुकू शकतो, आणि बरोबर असला तरी ते सांगण्याचा हक्क त्या मुलाचा आहे. ॲरीच्या वडिलांकडून एकच गोष्ट घ्यावी: त्यांनी आधी स्वतःचं मन उघड केलं. घरातल्या मिटलेल्या विषयांपैकी एखादा तुम्ही मुलांसमोर मोकळा केलात, तर या घरात अवघड गोष्टी बोलता येतात हे मुलांना न सांगता कळतं.

आता जवळच्या मातीतलं पुस्तक. अमेरिकन शाळांमधले लॉकर, प्रॉम, फुटबॉल संघ हे सगळं आपली मुलं मालिकांमधून ओळखतात, तरी ते परकंच. श्याम सेल्वदुराई यांची ‘स्विमिंग इन द मान्सून सी’ ही २००५ ची कादंबरी १९८० च्या कोलंबोत घडते, आणि तिचं पहिलं प्रकरण वाचताच कोकणातल्या किंवा गोव्यातल्या मुलाला आपल्या घरचा पाऊस ओळखू येईल. अमृत चौदा वर्षांचा. आईवडील नाहीत. आईच्या मैत्रिणीच्या सुखवस्तू घरात तो लाडाने वाढतो आहे, पण मनात कुठेतरी आपण पाहुणेच आहोत ही सल आहे. पावसाळी सुट्टी चालू आहे, शाळेत ‘ऑथेल्लो’च्या तालमी चालू आहेत, आणि कॅनडाहून नात्यातला, पण कधी न पाहिलेला मुलगा निरेश येऊन दाखल होतो. अमृत त्याच्याभोवती घुटमळू लागतो. निरेशचं लक्ष घरातल्या मुलीकडे वळतं तेव्हा अमृतच्या मनात जे पेटतं, ते काय आहे हे त्याला स्वतःला समजत नाही. पण तालमीत रोज तो त्याच आगीचं नाटक पाहतो आहे. मत्सर म्हणजे काय हे त्याला शेक्सपिअरकडून कळतं आणि प्रेम म्हणजे काय हे त्या मत्सराकडून.

ही कादंबरी मी आंतरशालेय नाट्यस्पर्धेत काम करणाऱ्या मुलांना मुद्दाम देते. विंगेत उभं राहून वाट पाहणं, सरांचं ओरडणं, भूमिका कुणाला मिळाली यावरून रुसवे, हे सगळं त्यांचं रोजचंच असतं, त्यामुळे अमृत त्यांना परका वाटत नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर ज्या महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला, तिथल्या शाळेत मुलीची भूमिका करणाऱ्या मुलाला पुढची दोन वर्षं चिडवलं जावं, याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुलासाठी सेल्वदुराईंचं हे पुस्तक आधार आहे. शारीरिक वर्णनं जवळजवळ नाहीत, भाषा सोपी आहे, चौदाव्या वर्षापासून सहज चालेल.

मुलींसाठी, म्हणजे खरं तर सगळ्यांसाठीच, आदिबा जैगिरदार यांची ‘द हेना वॉर्स’ ही २०२० ची कादंबरी सुचवते. डब्लिनमधली बांगलादेशी घरातली निशात शाळेच्या स्पर्धेसाठी मेंदी काढण्याचा धंदा उभा करते, तर जिच्यावर तिचं मन बसलं आहे तीच मुलगी तोच धंदा घेऊन समोर उभी राहते. निशातने घरी सांगितल्यावर आईवडील आरडाओरडा करत नाहीत, ते गप्प होतात. ती शांतता आपल्याकडच्या मुली लगेच ओळखतात. आणि तिची धाकटी बहीण प्रीती जशी तिच्या पाठीशी उभी राहते, ते वाचून किती बहिणी-बहिणी एकमेकींच्या जवळ आल्या असतील! थोड्या मोठ्या, इतिहासाची आवड असलेल्या मुलींना मलिंडा लो यांची ‘लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब’ द्या. १९५४ चं सॅन फ्रान्सिस्को, चायनाटाउनमधली लिली, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चिनी कुटुंबांवर लटकणारी तलवार. २०२१ चा अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार कुमारसाहित्यात या पुस्तकाला मिळाला.

बेकी अल्बर्टाली यांच्या ‘सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा’कडे (२०१५, यावरूनच २०१८ चा ‘लव्ह, सायमन’ सिनेमा आला) हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून पाहिलं जातं. शिक्षकांनी ती जरा वेगळ्या नजरेने वाचावी. सायमन एका अनोळखी मुलाला टोपणनावाने ईमेल लिहीत असतो. शाळेच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर तो लॉग आउट करायला विसरतो, मार्टिन नावाचा वर्गमित्र ते ईमेल पाहतो, त्यांचे स्क्रीनशॉट काढतो आणि त्यांच्या जोरावर सायमनकडून आपलं काम करून घेऊ लागतो. शेवटी तो सगळ्या शाळेला सांगूनही टाकतो. पुढे सायमन त्याला जे सुनावतो त्याचा गाभा असा, की ही गोष्ट कधी, कुठे, कुणाला सांगायची हे ठरवणं माझं होतं, आणि ते तू माझ्याकडून हिसकावलंस.

वर्गात घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण मला माहीत नाही. कुणाचाही फोन उघडा सापडला की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणं हा आपल्या शाळा-कॉलेजांत आणि हॉस्टेलवर खेळ झाला आहे. त्यात कुणाचं किती नुकसान होतं याची मुलांना कल्पना नसते. हे प्रकरण वाचून मुलांना एवढंच विचारा: मार्टिनच्या जागी तू असतास आणि ते ईमेल तुझ्यासमोर उघडे असते, तर तू काय केलं असतंस? चर्चा पात्रावरच ठेवा. ‘आपल्या वर्गात असं कोणी आहे का’ हा प्रश्न कधीही विचारू नका, आणि ज्याच्याबद्दल तुम्हाला शंका आहे त्याच मुलाला उतारा वाचायला उभं करू नका. हे मुद्दाम होत नाही, नकळत होतं, म्हणून आधीच मनाशी ठरवून ठेवलेलं बरं.

ट्रान्स पात्रांची पुस्तकं वेगळी धरा. आवड कुणाची आणि आपण स्वतः कोण, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ॲलेक्स जिनो यांचं एक छोटं, गोड पुस्तक आहे. चौथीतल्या मेलिसाला सगळे मुलगा समजतात, आणि शाळेच्या ‘शार्लट्स वेब’ नाटकात तिला जाळं विणणारी शार्लट कोळीण व्हायचं आहे. २०१५ मध्ये ते ‘जॉर्ज’ या नावाने आलं होतं. पुढे, जे नाव त्या मुलीला नकोसं आहे तेच मुखपृष्ठावर का, असं वाटून जिनो यांनी स्वतःच पुस्तकाचं नाव ‘मेलिसा’ करवून घेतलं. सोळाच्या पुढे मेरेडिथ रुसो यांचं ‘इफ आय वॉज युअर गर्ल’ वाचता येईल. लेखिका स्वतः ट्रान्स स्त्री आहे, आणि पुस्तकाच्या शेवटी तिने वाचकांना प्रामाणिकपणे सांगितलं आहे की नायिकेची वाट मी मुद्दाम सोपी केली, खऱ्या आयुष्यात ती इतकी सोपी नसते. ते टिपण मुलांनी वगळू नये, हे सांगायला विसरू नका. मराठीत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ मध्ये आलं. त्यात लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराचा भाग आहे, तेव्हा सतराच्या आसपास आणि आधी स्वतः वाचून मगच द्या.

‘हार्टस्टॉपर’बद्दलही असंच एक सांगायचं राहिलं. चित्रांचं पुस्तक म्हणून सहावीतल्या मुलांच्या हाती अख्खा संच दिला जातो. पहिले दोन भाग खरंच कोवळे आहेत. पुढच्या भागांत मात्र चार्लीचं खाण्याशी बिघडलेलं नातं आणि स्वतःला इजा करून घेणं हे विषय येतात. ते फार समजुतीने हाताळले आहेत, पण मूल आधीच नाजूक अवस्थेत असेल तर तुम्हीही ते भाग वाचलेले असावेत.

एमिली डॅनफर्थ यांची ‘द मिसएज्युकेशन ऑफ कॅमेरॉन पोस्ट’ ही २०१२ ची कादंबरी मोठ्या मुलांइतकीच पालकांनी वाचावी असं मला वाटतं. मोंटाना राज्यातल्या कॅमेरॉनला तिची मावशी ‘सुधारण्यासाठी’ एका धार्मिक निवासी शाळेत पाठवते. तिथे मारहाण नाही, साखळदंड नाहीत. गोड आवाजात, रोज थोडं थोडं, मुलीला स्वतःची घृणा करायला शिकवलं जातं. आपल्याकडे हे काम कधी बाबा-बुवा करतात, कधी ‘लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल’ म्हणणारे नातेवाईक, कधी दवाखानाही. म्हणून स्पष्ट लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. ‘बदलून देतो’ असं सांगणारे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे. जिथे आजारच नाही तिथे औषध कसलं?

आता पुस्तक पुढे कसं करायचं. शक्यतो हातात देऊ नका. ‘हे खास तुझ्यासाठी आणलं’ असं म्हटलं की मुलाला कळतं, आपल्यावर नजर आहे. घरातल्या कपाटात फास्टर फेणे आहे, हॅरी पॉटर आहे, तिथेच ही दोन-तीन पुस्तकंही उभी राहू द्या. त्याआधी तुम्ही स्वतः ती वाचा, आणि मुलांसमोर वाचा. चहाच्या वेळी सहज म्हणा, त्या अमृतचं फार वाईट वाटलं मला, किंवा ती प्रीती काय गुणाची पोर आहे. तुमच्या त्या एका वाक्यातून मुलाला हवं ते उत्तर मिळालेलं असतं. ते काही विचारेल किंवा विचारणार नाही. पुस्तक कुठल्या पानापर्यंत आलं, कुठे खूण घातली आहे, हे तपासत बसू नका.

आणि एखाद्या दिवशी मुलाने सांगितलंच, तर पहिल्यांदा ऐकून घ्या. ‘तुला नक्की माहीत आहे का’, ‘हे त्या पुस्तकामुळे झालं का’ हे प्रश्न गिळून टाका. सांगितल्याबद्दल जवळ घ्या. मग विचारा, हे आणखी कुणाला माहीत आहे, आणि बाबांना, ताईला, आजीला मी सांगावं असं तुला वाटतं का. ‘नको’ म्हणालं तर नको. तुम्हाला स्वतःला बोलायला कुणी हवं असेल, तर मुंबईत अशा मुलांच्या पालकांचा ‘स्वीकार’ हा गट आहे, १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांच्या ‘मनाचिये गुंती’ या पुस्तकात पालक आणि नातेवाईक स्वतःच्या शब्दांत बोलले आहेत, ते मराठी घरांसाठी फार मोलाचं आहे. मूल फार खचलं असेल, जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल, तर कादंबरी बाजूला ठेवा आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे.

वाचनालयात काम करणाऱ्यांना एक विनंती. देवघेवीच्या टेबलावर पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचू नका. रांगेत मागे शेजारच्या काकू उभ्या असतात. ‘अरे वा, हे वाचतोस?’ हा कौतुकाचा उद्गारही त्या मुलाला पुन्हा कधी न येण्याइतका लाजवू शकतो. ही पुस्तकं वेगळ्या कप्प्यात, वेगळी पाटी लावून ठेवू नका. त्या कप्प्यासमोर उभं राहण्याचं धैर्य ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याकडेच नसतं. लेखकाच्या आडनावाप्रमाणे इतर कादंबऱ्यांमध्येच ती असावीत. काही मुलं पुस्तक घरी नेऊच शकत नाहीत. त्यांना वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसून वाचू द्या, आणि रोज तेच पुस्तक मागायला आलं तरी का म्हणून विचारू नका.

राहता राहिली मराठी. वर सांगितलेलं बहुतेक सगळं इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमातल्या मुलापर्यंत ते पोचणं कठीण आहे, याची मला टोचणी आहे. आपलं कुमारसाहित्य साहसकथा, विज्ञानकथा, सहलींच्या गोष्टी यांत रमतं आणि मूल प्रेमाच्या वयात आलं की त्याला एकदम प्रौढांच्या कपाटाकडे धाडतं. त्या कपाटात सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ आहे. मौज प्रकाशनाने २००६ मध्ये काढलेली ही छोटी कादंबरी पुण्यातल्या एका घरात घडते. वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेल्या तरुणाच्या प्रेमात घरातला तनय पडतो आणि त्याची बहीण अनुजाही. आधी तनयची बाजू येते, मग अनुजाची, आणि त्याच खोलीकडे आपण दोनदा दोन नजरांनी पाहतो. तो तरुण कोण होता हे दोघांनाही कळत नाही. घरचे लोक, पाहुणे, अनुजाच्या लग्नाची घाई, हे सगळं इतकं आपलं आहे की मराठी मुलाला तनय परका वाटणारच नाही. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि कुंडलकरांनीच केलेला सिनेमा २०२२ मध्ये. कादंबरी मोठ्यांसाठी लिहिलेली आहे, शारीर जवळीक आहे, तुटलेपण आहे. बारावी झालेल्या वाचत्या मुलाला ती जरूर द्यावी. आठवी-नववीच्या मुलाला मात्र मराठीत तनयच्या शाळकरी दिवसांची गोष्ट हवी आहे. ती कुणीतरी लिहायला हवी, आणि मुलांच्या दिवाळी अंकांच्या संपादकांनी ती मागून घ्यायला हवी. ‘द हेना वॉर्स’ किंवा ‘स्विमिंग इन द मान्सून सी’ यांचे मराठी अनुवाद करायला तर आजही काही अडचण नाही. प्रकाशकांना वाचक हवे असतात, आणि वाचक आहेत हे त्यांना आपण कळवायचं असतं.

तोवर एक काम लगेच करता येईल. तुमच्या गावच्या वाचनालयात मागणीची वही असते. पुढच्या वेळी गेलात की तिच्यात यातली दोन-तीन नावं, लेखकांच्या नावांसकट, नीट अक्षरात लिहा आणि खाली स्वतःचं नाव व सभासद क्रमांक घाला. मुलाचं नाही, तुमचं. खरेदीच्या बैठकीत अशी मागणी मोठ्या माणसाच्या नावाने आलेली असली, की पुस्तक यायला फार वेळ लागत नाही.